तोंड नसलेला डोंगर

खाणीवरची वस्ती, तुर्भे
८ जून १९८०

चि. जयमाला,
जयभीम.

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. तुझी आई, गोजरा. चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिता येत नव्हतं. दुसरीपर्यंतच्या शाळेतलं माझं नाव तेवढं हाताला राहिलं होतं. गेल्या दिवाळीपासून वस्तीत बायांचा वर्ग सुरू झालाय. वाशीच्या सेक्टरातल्या सरोजिनीबाई जेवणाच्या सुट्टीत येतात, पत्र्याच्या सावलीत फळा टेकवतात आणि शिकवतात. त्या म्हणाल्या, "गोजराबाई, तुम्ही सांगा, मी लिहून देते." मी म्हणलं, "नको. पोरगी म्हणंल, आईनं माणूस लावला."

तुझ्या आत्याचा, चांगुणाबाईंचा निरोप पोचला. मॅट्रिक पास झालीस, मधे एक वर्ष बुडूनही, बासष्ट टक्के. मी वस्तीत साखर वाटली. बायजाबाई चिमूट तोंडात टाकून म्हणाली, "गोजरे, तुझ्या पोटी हे डोकं कुठून आलं गं?" मी म्हणलं, "बापाकडून. तुझ्या पोरांचा इलाज नाही."

आता कामाचं. आत्या कळवते की मास्तरीण व्हायचा, डी.एड.चा फॉर्म भरलाय. चौदा जुलैला मुलाखत आहे. तिथं एक धडा मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, आणि तू म्हणतेस, मी जाणार नाही, मी मोठ्यानं वाचत नाही. चार वर्षं शाळेतसुद्धा कधी वाचलं नाहीस म्हणे. मास्तरांनी छड्या मारल्या तरी उभी राहून गप्प. हे काय खूळ आहे? तोंड आहे ना तुला? इथं होतीस तेव्हा वस्तीभर ऐकू जायचं. खूळ सोड आणि वाच.

बाकी बरं आहे. काल वडा बांधून आला त्या पेपराच्या कागदावर एका डोंगराचं चित्र होतं. सरोजिनीबाईंनी वाचून दाखवलं. अमेरिकेतला ज्वालामुखी. एकशे तेवीस वर्षं झोपला होता. दोन महिने त्याची एक कूस फुगत होती, बाळंतपणाला आलेल्या बाईसारखी, आणि मागच्या महिन्यात ती कूसच फुटली. भर दिवसा अंधार झाला, गावंच्या गावं राखेनं पांढरी. मी माझ्या हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत खडीची भुकटी. म्हणलं, आमच्याकडं रोजच.

तुझं सातवीचं भूगोलाचं पुस्तक इथंच राहिलंय. पान दुमडलेलं आहे, तसंच ठेवलंय.

उत्तर दे. नाहीतर नको देऊ. पण मुलाखतीला जा.

तुझी आई


१९ जून १९८०

चि. जयमाला,

उत्तर आलं नाही. चालेल. मी तरी कुठं चार वर्षं लिहिलं.

मी तुझं पुस्तक वाचते. एक एक अक्षर बोटाखाली धरून, उवा मारल्यासारखं. एका दुपारी चार ओळी होतात. पण त्या चार ओळी मग दिवसभर सोबत येतात. घमेलं डोक्यावर असतं आणि आत ओळी चालू असतात. हसू नकोस.

पुस्तक म्हणतं की जमिनीच्या पोटात दगड वितळून फिरत असतो. हा रस पातळ असला तर तव्यावर ओतलेल्या धिरड्यासारखा पसरतो, आणि त्याचा डोंगर बसका होतो, पालथ्या ढालीसारखा. लांब समुद्रातल्या बेटांवर तसे आहेत. रस दाट असला की मग तो पिठलं. पिठलं वरून गप्प दिसतं, आत वाफ कोंडलेली, आणि आपण जवळ गेलो की फट्‌दिशी हातावर. त्याचे डोंगर उंच, टोकदार, दिसायला देखणे. एक थर राखेचा, एक थर रसाचा, असे चढत गेलेले. तेच जास्त माणसं मारतात.

तुझा बाप धिरडं होता. मी पिठलं. तू कोण ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट सरोजिनीबाईंनी सांगितली, ती पुस्तकात नाही. मेक्सिको म्हणून देश आहे, तिथं एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात भेग पडली. भेगेतून धूर आला, राख आली, राखेचे गरम गोटे उडाले. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेतात टेकाड. वर्षात त्याचा डोंगर झाला. मी विचारलं, "आणि मका?" त्या म्हणाल्या, "मका कसला राहतोय!" ते मला फार लागलं. पेरलेलं काय आणि उगवलं काय.

तेव्हापासून मला आपला डोंगर स्वप्नात येतो. दुपारी भाकर खाऊन डोळा लागतो तेवढ्यातच. सगळा डोंगर मऊ झालेला असतो, मळलेल्या कणकेसारखा. पाऊल टाकलं की ठसा उठतो, आणि ठशात पाणी साठावं तसा उजेड साठतो. तांबूस. तुझा बाप पुढं चाललेला, पाठमोरा, खांद्यावर पहार. त्याचे पाय भाजत नाहीत. खाडीकडून वारा येतो, मिठागराचा वास येतो. मी त्याला हाक मारत नाही. हाक मारली की ती डोंगराला लागून माझ्याकडंच परत येईल, एवढं मला स्वप्नातसुद्धा माहीत असतं.

मग बायजाबाई ढोसते, "उठ, मुकादम आला."

पुस्तकात जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन लिहिलेत. मी सरोजिनीबाईंना म्हणलं, "मृत कुणी ठरवलं? हात लावून बघितलं का कुणी?" त्या म्हणाल्या, "हजारो वर्षांत फुटला नाही की मृत धरतात." धरतात! आम्हीपण एकदा तसंच धरलं होतं.

तुझ्या दुमडलेल्या पानावर आले आणि थांबले. शेवटची ओळ अशी आहे: "काही ज्वालामुखींना तोंड नसते. जमिनीला मैलोन्‌मैल लांब भेग पडते आणि" — तिथं पान संपतं. सरोजिनीबाई म्हणाल्या, "उलटा की. पुढचं मी वाचू?"
"नको."
"का हो?"
"माझी मर्जी."
त्यांनी फळा पुसायला घेतला. चांगली बाई आहे, पण मोकळ्या घरातली. सगळं विचारून होतं असं तिला वाटतं.

मुलाखतीची तयारी कर. आरशासमोर वाच.

आई


३० जून १९८०

जयमाला,

चांगुणाबाईंचं कार्ड आलं. तू माझी दोन्ही पत्रं वाचलीस आणि ट्रंकेत खाली ठेवलीस. आत्यानं विचारलं, "आई एवढं लिहिते, आता तरी वाचशील का मोठ्यानं?" तर म्हणालीस, "आईचं खरंच आहे. माझ्या वाचण्यानं माणूस गेला."

मी कार्ड तिथंच खडीच्या ढिगावर ठेवलं. वाऱ्यानं उडालं तर उडू दे म्हणलं. उडालं नाही.

आता मला त्या दिवसाचं लिहायला पाहिजे. मी लांबण लावणारी बाई नाही, पण हे मला पटकन होत नाही.

तुला आठवत असंल, तुझा बाप दत्तू सुरुंगाचे बार भरायचा. पहाटे भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती लावायच्या. दत्तूसारख्या वाती कापणारा या पट्ट्यात नव्हता. लहानमोठ्या कापायचा, म्हणजे बार एकामागून एक उडावेत, दोन कधी एकत्र नाहीत. मग शिट्टी, लाल बावटा, आणि सगळी माणसं वळणाच्या पलीकडं पळायची. पळणाऱ्याला बार मोजता येत नाहीत, त्याच्या कानात त्याचाच श्वास असतो. म्हणून मोजायला मी. वळणावरच्या पत्र्याखाली बसायचं आणि मोजायचं. जेवढी भोकं तेवढे आवाज. धूर खाली बसला की तुझा बाप लांबून हात वर करायचा आणि मी बोटं दाखवायची. बोटं बरोबर असली की तो आत जायचा. एक जरी कमी असलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही, शेठ बोंबलला तरी. मुकादमानं आकडा सांगितला तर हा म्हणायचा, "मला तुमचा आकडा नको. माझं माणूस दाखवंल."

आमच्या लग्नात कुणी मला अंगठी घातली नाही. ही बोटं तेवढी होती.

सहा वर्षं मोजलं. एकदाही चुकलं नाही.

त्या दिवशी, शहात्तरच्या फेब्रुवारीत, नऊ भोकं होती. मी नऊ बोटं दाखवली. तो आत गेला, पहारेनं दगड सारायला लागला, आणि एक बार तिथंच खाली निजलेला होता.

माणसं भेटायला आली तेव्हा मी काय बोलले ते तुला पाठ असंल. "ही कार्टी कानाशी पुस्तक घेऊन बडबडत होती. हिच्या बडबडीत माझा मोज गेला." सगळ्यांसमोर बोलले. तू तेरा वर्षांची होतीस. दाराच्या चौकटीला टेकून उभी होतीस, हातात तेच पुस्तक. त्यानंतर तू जाईपर्यंत तुझा आवाज मी ऐकला नाही.

मी तसं बोलायला नको होतं. दुःखात माणूस काहीही बोलतं. ते मनातून काढून टाक आणि मुलाखतीला जा.

आई


५ जुलै १९८०

जयमाला,

मागचं पत्र टाकून आले आणि पेटीपाशी उभीच राहिले. पोस्टमन म्हणाला, "काय बाई, आत पडलंय ते. उडून येणार नाही." मी म्हणलं, "अर्धंच पडलंय." त्याला वाटलं मी खुळी.

मी लिहिलं, दुःखात बोलले. ते खोटं आहे. आता खरं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

तू त्या दिवशी शाळेतून लवकर आलीस. माझ्याजवळ पत्र्याखाली बसलीस. मी म्हणलं, "काय शिकवलं?" तू पुस्तक काढलंस आणि ज्वालामुखीचा धडा वाचायला लागलीस. मी तोंड वाकडं करून ऐकत होते, पण जयू, मला ते इतकं आवडत होतं. दगड वितळतो. दगड वाहतो. सहा वर्षं दगडाशी माझं भांडण, आणि तू सांगत होतीस की हा कधीतरी पाणी होता. तुझा आवाज बारीक, स्वच्छ. समोर खाडीवर ऊन पडलेलं, सगळं धुरकट आणि सोनेरी. मला वाटलं मी बसल्याजागी हलकी झालेय.

तेवढ्यात शिट्टी झाली.

तू थांबलीस. हे नीट वाच. शिट्टी झाली आणि तू थांबलीस. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंस, तुझ्या बापानं शिकवलं होतं तसं. पहिला बार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आणि मीच म्हणलं, "आणि? जमिनीला भेग पडते आणि? वाच पुढं."

तू म्हणालीस, "आई, बार चाललेत."
मी म्हणलं, "माझं लक्ष आहे. वाच पुढं."

तू वाचलं नाहीस. मान हलवलीस आणि पान दुमडलंस. म्हणजे तुझा आवाज तिथं नव्हताच. माझ्या कानाशी कुणी बडबडत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या भेगेत शिरले होते. ती किती लांब असेल, आपल्या गावापासून मुंबईपर्यंत असेल का, असं काहीतरी. बाहेर आवाज होत होते आणि माझी बोटं आपोआप मिटत होती. नऊ मिटली.

आठच बार उडाले होते. नववा आवाज पडसाद होता.

त्याच आठवड्यात समोरची बाजू नवी तासली होती. आधी तिथं झाडी होती, आवाज आत शिरून मरायचा. आता उघडी काळी भिंत. आधीच्या बारांचे पडसाद पुढच्या बारांत बुडाले, शेवटच्याचा तेवढा तिच्यावर आपटून परत आला, आणि मी त्याला बार धरलं. लक्ष असतं तर कळलं असतं. बार पायातून येतो, जमीन हलते. पडसाद नुसता कानातून येतो. हे मला माहीत होतं. वस्तीतल्या पोरांना माहीत होतं.

आणि मला कधी कळलं, तेही सांगते. आठ दिवस खाण बंद होती. नवव्या दिवशी तुझ्या बापाच्या जागी आलेल्या भगवाननं बार लावले, सहा. मी झोपडीत पडून होते, कान सवयीनं मोजत होते. सात आले. पायाला सहा, कानाला सात. मी तिथल्या तिथं उठून बसले.

तू अजून इथंच होतीस. कोपऱ्यात ट्रंक भरत होतीस. आत्या दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. चार पावलांवर होतीस. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी म्हणलं, "ट्रंकेला कुलूप नीट लाव."

बस. हेच.

मला वाटायचं, पोरीवर ठेवलं तर पोर लहान आहे, विसरून जाईल. माझ्यावर ठेवलं तर मी जगणार नाही. तू विसरली नाहीस. मी जगले. दोन्ही हिशेब चुकले.

सरोजिनीबाईंनी एक सांगितलं होतं. शंभर वर्षांपूर्वी समुद्रातलं एक बेट असं फुटलं की दीड हजार कोसांवर चार तासांनी आवाज ऐकू गेला. तिथल्या फौजदाराला वाटलं, लांब कुठं तोफा चालल्यात. इतक्या दुरून आवाज आला की माणसाला कळत नाही तो कशाचा आहे. तुझ्यापर्यंत माझा आवाज तसा पोचला. तुला वाटलं तो तुझाच आहे. तो माझा होता.

तुझ्या वाचण्यानं कुणी गेलं नाही. तू तर वाचलंच नव्हतंस.

चौदा तारखेच्या आत हे पोचेल असं पोस्टमास्तर म्हणाला. मला लिहू नकोस, तुझी इच्छा. पण जा आणि वाच.

गोजरा


३ ऑगस्ट १९८०

चि. जयमाला,

तुझं पत्र आलं. सरोजिनीबाईंनी हात पुढं केला, मी दिलं नाही. स्वतः वाचलं. तीन दुपारी लागल्या.

तू लिहिलंस, मुलाखतीत त्यांनी पुस्तक पुढं केलं तेव्हा आवाज फुटेना. मग घोगरा आला, म्हातारीसारखा. ते म्हणाले, थांबा, पाणी प्या. तू थांबली नाहीस. धडा संपेपर्यंत थांबली नाहीस, त्यांनी पुरे म्हणलं तरी. हे वाचून मी एकटी मोठ्यानं हसले. बायजाबाई म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली?" मी म्हणलं, "तुला नाही कळायचं."

यादी लागायची आहे म्हणतेस. लागू दे. नाव नसलं तर पुढच्या साली.

तू लिहिलंस, "मी फार रागावले आहे. चार वर्षं मी स्वतःला मारेकरी समजत होते, हे मी विसरणार नाही." विसरू नकोस. मी सांगत पण नाही.

आणि खाली तू तुझ्या हातानं त्या पानापुढच्या दोनच ओळी लिहून पाठवल्यास. भेग पडते आणि रस बाहेर येतो, स्फोट न होता, पुरासारखा. थरावर थर बसत जातात. आपलं अख्खं पठार असंच झालं. पुढं लिहिलंस, "आई, तुझी खाण तीच. उरलेलं आल्यावर वाचून दाखवीन."

मी ते पत्र घेऊन जुन्या बाजूला गेले. तिथं आता काम बंद आहे, पावसाचं पाणी साठून तळं झालंय. समोर भिंत. रोज बघत होते ती, पण बघितली नव्हती. खाली काळा दगड, वर काळा दगड, आणि मध्ये हातभर तांबडा पट्टा. आम्ही त्याला वाईट माल म्हणतो, खडीत घेत नाही, भुगा होतो. मी बोट लावून बघितलं. भाजलेली माती आहे जयू, कौलासारखी. म्हणजे खालचा थर आला आणि निवला. मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. दगडाची माती झाली. गवत आलं असंल, पाखरं बसली असतील. आणि मग वरून दुसरा थर आला.

गप्प बसलेल्या काळाचा पण थर होतो. हे मला कुणी सांगितलं नाही, मी माझं बघितलं.

बराच वेळ तिथं बसले. पाण्यात ढग हलत होते. भिंत मला मऊ वाटायला लागली, स्वप्नातल्यासारखी. तुझा बाप दिसतो का म्हणून बघितलं, नाही दिसला. मग मी हाक मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. दत्तू म्हणून. भिंतीनं ती परत दिली, एकदाच. मला भीती वाटली नाही. माझीच तर होती.

दिवाळीच्या सुट्टीत ये. आत्यालाही आण. राग घेऊनच ये, तो सोडून ये असं मी म्हणत नाही. राहायला जागा आहे, चुलीपाशी कोरडं आहे. पुस्तक पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, ओल लागू नये म्हणून. पान अजून दुमडलेलं आहे. ते मी उलटलेलं नाही आणि कुणाला उलटू दिलेलं नाही.

तू त्याच पत्र्याखाली बस. मी समोर बसेन. शिट्टी झाली तरी माझी बोटं मोकळी असतील. आता मोजायला दुसरी बाई आहे, जाईबाई, चांगली आहे, पायानं मोजते, मी शिकवलंय. मला काही मोजायचं नाही.

जमिनीला भेग पडते आणि.

वाच पुढं.

तुझी आई